आत्ताच तर बरं वाटलं होतं! पडसं-ताप परत आला तर काय करायचं

गणपती उतरले की बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "आत्ताच तर ताप येऊन गेला, मग परत कसा आला?" मंडपातली गर्दी, पावसामुळं बंद ठेवलेल्या खिडक्या, पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे, हे सगळं एकाच पंधरवड्यात जुळून येतं. मग कुणी फडताळात पहिल्या वेळची उरलेली गोळ्यांची पट्टी शोधतं, कुणी पोराला मेडिकलमध्ये पिटाळतं, "मागच्या वेळचंच औषध दे म्हणावं."

मला आग्रहानं सांगायचं आहे ते हे, की दुसऱ्या वेळी औषधाआधी तारखा बघा. "ताप परत आला" असं आपण एकाच दमात म्हणतो, पण त्यामागं चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यातल्या बऱ्याचशा घरात विश्रांती घेऊन सुटतात. एक मात्र अशी आहे की तिथं एका दिवसाचा उशीरही फुप्फुसाला महागात पडतो. ती ओळखायची खूण थर्मामीटरवर कमी आणि कॅलेंडरवर जास्त दिसते.

पहिली पायरी: तारखा कागदावर मांडा

घरातल्या शांत डोक्याच्या माणसानं एक कागद घ्यावा. पहिला आजार कधी सुरू झाला, ताप शेवटचा कधी आला, मध्ये किती दिवस पूर्ण बरं वाटलं, नवा त्रास कोणत्या दिवशी आणि कशानं सुरू झाला, हे लिहावं. कोणती औषधं किती दिवस घेतली तेही लिहावं. "पांढरी गोळी आणि लाल सिरप" असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही, म्हणून पट्ट्या आणि बाटल्या जपून ठेवा.

आता कागद वाचा.

मध्ये दोन-तीन आठवडे माणूस ठणठणीत होता, कामावर जात होता, आणि आता पुन्हा घसा खवखवून, नाक गळून, अंग मोडून सुरुवात झाली. घरात, वर्गात किंवा कारखान्यात आणखी कुणी आजारी आहे. हा बहुतेक नवा संसर्ग, आणि बहुतेक वेळा विषाणूही वेगळाच.

फ्लू किंवा कोविड होऊन ताप उतरला, दोन-चार दिवस बरं वाटलं आणि मग एकदम हुडहुडी भरून पहिल्यापेक्षा जोरात ताप आला. छातीत एका बाजूला टोचतंय, कफ पिवळा-हिरवा किंवा तांबूस येतोय, धाप लागतेय. सगळ्यात जपायचं ते इथं. विषाणूनं श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटलेलं असतं, आणि त्या जागी जिवाणू शिरून न्यूमोनिया होतो. अशा वेळी घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "बरं वाटलं आणि मग बिघडलं" हे शब्द डॉक्टरांना मुद्दाम सांगा. नुसतं "ताप आहे" म्हणालात तर हा धागा हातातून सुटू शकतो.

ताप मोडला, भूक लागते, झोप लागते, पण खोकला काही जात नाही. हा पुन्हा झालेला संसर्ग नाही, पहिल्या आजाराचंच शेपूट आहे. विषाणूजन्य आजारानंतरचा कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो. तरीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. ती मोफत असते. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं ही लक्षणं जोडीला असतील तर मुळीच टाळू नका. निपाणीकडं घरोघरी बिडीकाम चालतं. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बायका "आमचा खोकला नेहमीचाच" म्हणून वर्षानुवर्षं सोसतात. त्यांच्यासाठी तर ही तपासणी जास्तच महत्त्वाची.

कोविडमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. बरं वाटल्यावर आठवडाभरात लक्षणं पुन्हा डोकावतात, चाचणीही पुन्हा पॉझिटिव्ह येते. हा नवा संसर्ग नसून जुनाच विषाणू थोडा उसळलेला असतो. त्रास सहसा सौम्य असतो, पण त्या दिवसांत आपल्यापासून इतरांना लागण होऊ शकते, म्हणून मास्क पुन्हा चढवा.

आणि ताप आहे, पण खोकला, सर्दी, घसा यांतलं काहीच नाही? मग हा लेख बाजूला ठेवा आणि रक्त तपासून घ्या. पावसाळ्यात आणि नंतर डेंगी, मलेरिया, टायफॉइड असतातच. भातशेतीच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, होऊ शकतो. खानापूर, जोयडा, हल्याळच्या रानात जाणाऱ्यांनी, काजूच्या बागेत काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडीमुळं होतो. साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. त्यात काही रुग्णांना आठवडा-दोन आठवडे बरं वाटून ताप परत येतो, तोही जबर डोकेदुखी किंवा भ्रम घेऊन. साध्या फ्लूत तो खपून जाऊ नये.

पुन्हा होतोच कसा?

एकदा गोवर आला की सहसा जन्मभर परत येत नाही. सर्दी-फ्लूचं तसं नाही. साध्या पडशाला कारण ठरणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाशी लढून शरीर शहाणं झालं तरी दुसरा त्याला अनोळखीच. म्हणून शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे आजारपण नव्हे. फ्लूचा विषाणू आपली वरची प्रथिनं थोडी थोडी बदलत राहतो, त्यामुळं मागच्या वर्षीची ओळख यंदा अर्धवटच कामी येते.

कोविडच्या सुरुवातीला अनेकांना वाटलं होतं की एकदा झाला की सुटलो. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या ३३ वर्षांच्या एका माणसात दुसऱ्यांदा संसर्ग झाल्याचं विषाणूच्या जनुकांची तुलना करून पहिल्यांदा पक्कं सिद्ध झालं. दोन संसर्गांत १४२ दिवसांचं अंतर होतं, आणि दुसऱ्या वेळी त्याला काहीच लक्षणं नव्हती. पुढं २०२१ च्या शेवटी ओमिक्रॉन आला आणि दुसऱ्यांदा होणं ही नेहमीची बाब झाली.

या माणसाला दुसऱ्या वेळी काही त्रास का झाला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. नाका-घशातल्या ओलसर अस्तरावरचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) काही महिन्यांत ओसरतात, म्हणून विषाणूला आत शिरायला वाट मिळते. पण रक्तातल्या आणि लसिकागाठींमधल्या स्मृतिपेशी, म्हणजे जुना विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, बराच काळ टिकतात, आणि त्या आजाराला खाली फुप्फुसापर्यंत सहसा वाढू देत नाहीत. म्हणून दुसरी खेप बऱ्याचदा हलकी जाते. बऱ्याचदा, पण नेहमी नाही. मधल्या काळात मधुमेह वाढला असेल, गर्भारपण असेल, डायलिसिस किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, वय सत्तरीपार गेलं असेल, तर "मागच्या वेळी काही झालं नाही" याला अर्थ उरत नाही.

टूथब्रश बदलला नाही म्हणून परत झालं, असं बरेचजण समजतात. आपल्याच ब्रशवरचा आपलाच विषाणू आपल्याला लगेच पुन्हा आजारी पाडत नाही, कारण त्या विषाणूविरुद्धची फौज तेव्हा ताजी असते. ब्रश दुसऱ्याच्या ब्रशला चिकटून ठेवू नका, एवढं पुरे.

दुसरी पायरी: चाचणी, पण योग्य ती

निरोगी तरुणाला दोन दिवसांची सर्दी असेल तर चाचणीनं उपचार बदलत नाहीत. पैसे वाचवा, घरी थांबा. घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई, मधुमेही, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर मात्र लवकर करा. कारण फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायचं.

कोविडची शंका असेल आणि आधीचा कोविड तीन महिन्यांच्या आतला असेल, तर आरटी-पीसीआरपेक्षा रॅपिड अँटिजेन चाचणी जास्त कामाची. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद दाखवावा लागे, तेव्हापासून हे नाव आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ आहे. पण ती चाचणी इतकी सूक्ष्म असते की विषाणू मेल्यावरही त्याचे तुकडे कित्येक आठवडे पकडते. म्हणूनच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात दोन पॉझिटिव्ह चाचण्यांत किमान १०२ दिवसांचं अंतर आणि मध्ये एक निगेटिव्ह असेल तरच 'पुन्हा संसर्ग' मोजला गेला. घरी किट वापरणार असाल तर मुदतीची तारीख बघा, आणि पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली तर दोन दिवसांनी पुन्हा करा.

तिसरी पायरी: पहिले तीन दिवस

पहिलं काम, मागच्या वेळची पट्टी डॉक्टरांना दाखवण्यापुरती ठेवा, त्यातली गोळी घेऊ नका. उरलेल्या अँटिबायोटिकचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. उलट दोन-तीन गोळ्यांचा अर्धवट डोस घेऊन जिवाणू निबर होतात, आणि खरा न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू पडत नाही. तसंच "एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय" असा हट्ट धरू नका. लगेच तरतरी आणणाऱ्या इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड असू शकतं. कोविडमध्ये स्टेरॉइडनं जीव वाचले ते ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे. साध्या तापात ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि साखर वाढवतं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं किती मधुमेह्यांचे डोळे आणि जबडे घेतले, ते विसरता येणार नाही.

तापासाठी पॅरासिटामोल पुरेसं आहे. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलीग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू होत असेल तर आधी विचारा. मुख्य घोटाळा वेगळाच होतो. मेडिकलमधून आणलेल्या "सर्दीच्या गोळी"तही पॅरासिटामोल असतं, आणि वर तापाची गोळी घेतली की डोस नकळत दुप्पट होतो. पट्टीच्या मागं नाव वाचा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, दर किलोमागं १० ते १५ मिलीग्रॅम. पण सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात, म्हणून 'एक चमचा' हे माप चालणार नाही. डेंगीची शंका दूर होईपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलांना फ्लूत ॲस्पिरिन तर कधीच नको.

खोकल्याचं सिरप लहान मुलांना देऊ नका. २ वर्षांखाली ते नकोच आणि ५ वर्षांखाली सहसा टाळावं, अशी सूचना ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही दिली. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

आपल्याकडचा आलं-मिरी-धन्याचा कषाय, म्हणजे काढा, घशाला बरा वाटतो, तो जरूर घ्या. मधुमेही असाल तर गूळ वगळा. पातळ आंबील, भाताची पेज, मऊ खिचडी, कोंबडीचा पातळ रस्सा, जे घशाखाली उतरेल ते थोडं थोडं घ्या. मोठ्यांनी मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कराव्यात. वाफेनं मोठ्यांचं नाक तात्पुरतं मोकळं होतं, पण मुलाला उकळत्या भांड्यापुढं बसवू नका. त्यातून भाजण्याचे प्रकार होतात. पाण्यात कापूर टाकणंही टाळा.

दिवसातून तीन वेळा ताप, नाडी आणि ऑक्सिजन लिहा. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, हात गार असेल तर चोळून ऊब द्या, नखाला मेंदी किंवा पॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या, आणि आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावरच वाचा. मग सहा मिनिटं घरात चालून पुन्हा बघा. चालल्यावर आकडा तीन-चारनं खाली आला, तर बसल्या जागी तो चांगला असला तरी डॉक्टरांना कळवा.

चौथी पायरी: कधी उठायचं आणि कुठं जायचं

मोठ्या माणसाचा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास होत असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, छातीत दुखत असेल, बरळायला लागला किंवा झोपेतून नीट जागा होत नसेल, ताप तीन दिवसांनंतरही उतरत नसेल, तर दवाखाना. ९० च्या खाली ऑक्सिजन, निळसर ओठ किंवा भ्रम म्हणजे तातडीची वेळ. म्हाताऱ्या आजी-आजोबांना पुष्कळदा ताप येतच नाही. ते जेवण सोडतात, गप्प होतात, तोल जाऊन पडतात. ते "वयामुळं" म्हणून सोडून देऊ नका.

मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, ते शांत असताना. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर ते न्यूमोनियाचं लक्षण धरतात. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, मूल अंगावर पीत नाही, सहा-आठ तास लघवी झाली नाही, यांतलं एक जरी असलं तरी निघा.

सुरुवात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. आशाताईंना फोन केला की डॉक्टर आहेत की नाहीत तेही कळतं. त्यापुढं तालुका रुग्णालय, मग बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स. भालकी, औराद, बसवकल्याणकडच्यांना बिदरचं ब्रिम्स. निपाणी-चिकोडीचे बरेच लोक कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातात, तेही ठीकच. पण रुग्णाला धाप असेल तर लांबच्या नावाजलेल्या दवाखान्यापेक्षा ऑक्सिजन असलेला जवळचा दवाखाना आधी. १०८ ला फोन करताना आधी जिल्हा आणि तालुका सांगा, मग गाव. एकाच नावाची गावं हद्दीच्या दोन्ही बाजूंना सापडतात.

गोकाक, अथणी, रायबागकडं नर्स किंवा डॉक्टर फक्त कन्नड बोलणारे भेटू शकतात. "मत्ते ज्वर बंदिदे" म्हणजे ताप पुन्हा आलाय, "उसिराडलु कष्ट आगतिदे" म्हणजे श्वास घ्यायला त्रास होतोय. एवढी दोन वाक्यं कागदावर लिहून सोबत ठेवा. बरोबर आधार आणि रेशन कार्ड असू द्या. दाखल व्हायची वेळ आली तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेबद्दल रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर लगेच विचारा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू करायचं ठरवलं. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात गेलात तर तिथल्या आरोग्यमित्राला आपल्या गावाचं नाव सांगून तीही चौकशी करा.

पाचवी पायरी: घरात फेरा थांबवा

अनेक घरांत 'परत परत' होण्याचं कारण सोपं असतं. विषाणू घरातल्या घरात फिरत राहतो आणि पहिला बरा होईपर्यंत शाळेतून दुसरा येतो. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढं पाच-सात दिवस इतरांना लागण करू शकतो. वेगळी खोली सगळ्यांकडं नसते. मग निदान झोपताना अंतर ठेवा, डोकं-पाय उलट दिशेला करा, रुग्णानं आणि जवळ बसणाऱ्यानं मास्क लावावा, आणि पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या दिवसातून काही वेळा उघडा. बंद, ओलसर खोलीत चुलीचा धूर कोंडला की खोकला दुपटीनं वाढतो. हात साबणानं वीस सेकंद धुवा. आजारी माणसानं निदान ताप उतरून चोवीस तास होईपर्यंत गावची लक्ष्मी यात्रा, चिंचलीची मायाक्काची जत्रा, लग्नाचा हॉल टाळावा. सगळ्यांत जास्त जपा ते घरातल्या तान्ह्या बाळाला आणि आजींना. "बाळाला बघायला आलोय" म्हणत शिंकणारे पाहुणे आले तर घरच्यांनी दारातच नमस्कार करून निरोप द्यावा, त्यात उद्धटपणा काही नाही.

सहावी पायरी: कामावर परतणं, आणि तिसरी वेळ टाळणं

ऊसतोडीला, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा बांधकामावर जाणाऱ्यांची रोजंदारी बुडते हे मान्य. तरी ताप उतरल्यावर दोन दिवस अंग हलकं ठेवा आणि पहिला आठवडा जड ओझं टाळा. जिना चढताना छातीत दुखणं, धडधड, चक्कर असेल तर ईसीजी काढा. विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणूप्रमाणं लसही बदलते. आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस असतो. म्हणून मेच्या आसपास, पावसाआधी घेतलेली बरी. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. साठीपुढचे, दमा-मधुमेह-हृदयविकाराचे रुग्ण यांनी न्यूमोनियाच्या एका जिवाणूवरच्या न्यूमोकोकल लसीबद्दलही विचारावं. बिडी-सिगारेट बंद करणं आणि साखर ताब्यात ठेवणं हे कोणत्याही काढ्यापेक्षा भारी संरक्षण आहे. 'इम्युनिटी बूस्टर' डब्यांवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे लसीला द्या.

मोठ्या माणसाला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, किंवा सर्दी प्रत्येक वेळी छातीत उतरून शिट्टीसारखा आवाज येतो, तर आता कारण शोधायचं. दमा आहे का, साखर किती, क्षयरोग आहे का, एचआयव्ही आहे का, हे एकदा तपासून घ्या. जुने एक्स-रे फेकू नका, नव्याबरोबर घेऊन जा. न्यूमोनिया दोन्ही वेळा फुप्फुसाच्या एकाच जागी दिसला, तर तिथं गाठ किंवा अडकलेली वस्तू नाही ना हे बघण्यासाठी छातीरोगतज्ज्ञाकडं जाऊन सीटी स्कॅनबद्दल विचारा.